‘नेहमीं’ या शब्दाचें वजन

इंग्रजी भाषा शिकतांना आपल्या विद्यार्थ्यांस भय वाटतें तें लांबलचक आणि अपरिचित शब्दांचें. शब्द जितका अवघड, तितका तो वहींत अधिक वेळां लिहिला जातो, घोकला जातो, आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीं पुन्हा एकदां डोळ्यांखालून घातला जातो. परंतु माझा अनुभव असा आहे कीं, विद्यार्थ्याचा घात अवघड शब्दांपेक्षां सोपे शब्दच अधिक करतात. कारण जो शब्द आपल्याला येतो असें वाटतें, त्याचा अर्थ कोशांत उघडून पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाहीं. ऑल्वेज, युजुअली, जनरली, ऑफन, फ्रीक्वेंटली, समटाइम्स, ऑकेजनली, सेल्डम, रेअरली, नेव्हर हीं एखादी गोष्ट किती वेळां घडते हें सांगणारीं क्रियाविशेषणें अशा फसव्या सोप्या शब्दांपैकीं होत. त्यांच्याविषयीं माझें जें मत अनुभवानें बनलें आहे, तें विद्यार्थ्यांपुढें आणि त्यांच्या पालकांपुढेंहि मांडावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहें.

पुष्कळ वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. मी तेव्हां शिक्षकाच्या पेशांत नवा होतों. रावेर तालुक्यांतील एका खेड्यांतून एक मुलगा माझ्या वर्गांत येत असे. मुलगा फार हुशार म्हणण्यासारखा नव्हता, पण शांत आणि कामसू होता. बाजाराच्या दिवशीं त्याची जागा रिकामी असल्याचें माझ्या लक्षांत आलें होतें. पहिल्या तिमाहीच्या प्रगतिपुस्तकांत शेरा लिहितांना मीं हजेरीपट उघडून पाहिला नाहीं. मनांत जी समजूत होती तीच इंग्रजींत उतरविली. हा मुलगा बाजाराच्या दिवशीं ‘ऑल्वेज’ गैरहजर असतो, असें मीं लिहिलें. वर्गांतील सगळ्या मुलांचीं पुस्तकें पुढें पडलीं होतीं. शेरा लिहिण्यास क्षणभर लागला, आणि मीं पुढचें पुस्तक ओढलें.

मुलाच्या वडिलांस इंग्रजी येत नव्हतें. त्यांनीं तो शेरा गांवांतील एका शिकलेल्या गृहस्थाकडून वाचवून घेतला. त्या गृहस्थानें अर्थ सांगितला तो असा: तुमचा मुलगा बाजाराच्या दिवशीं कधींच शाळेंत नसतो. यांत त्या गृहस्थाची कांहीं चूक नव्हती. मीं जें लिहिलें होतें त्याचा अर्थ तोच होतो. दुसऱ्या दिवशीं शाळा सुटण्याच्या वेळीं तो शेतकरी मुलाचा हात धरून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आवाज न चढवितां त्यानें विचारलें, “गुरुजी, घरच्या अडचणीमुळें मींच याला बाजारीं नेलें. पण चारदांच नेलें. बाकीच्या बाजारांना हा घरून दप्तर घेऊन निघाला, तो गेला कोठें? रात्रीं मीं याला मारलें, तरी सांगत नाहीं.”

मीं हजेरीपट उघडला. त्या तिमाहींत बाजाराचे दिवस 9 आले होते. त्यांपैकीं 4 दिवस मुलगा गैरहजर होता, 5 दिवस हजर होता. पट मीं वडिलांपुढें ठेवला. अक्षरें त्यांना सावकाश लागत, पण खुणा मोजतां येत होत्या. बोट ठेवून त्यांनीं त्या मोजल्या आणि मग ते म्हणाले, “केळीच्या घडांचें वजन करतांना चार किलोला कांटा नऊ किलो दाखवूं लागला, तर आम्ही तो कांटा बदलतों, गुरुजी.” मीं त्यांची क्षमा मागितली, ‘ऑल्वेज’ हा शब्द खोडला, आणि 9 दिवसांपैकीं 4 दिवस असें स्पष्ट लिहून खालीं सही केली.

ते निघाले तेव्हां मीं मुलाला विचारलें, “शेरा तूं स्वतः वाचला होतास ना? मग तो बरोबर नाहीं, असें वडिलांना कां नाहीं सांगितलेंस?” त्यानें उत्तर दिलें, “सांगितलें सर, चारच दिवस म्हणून. पण पुस्तकांत ‘ऑल्वेज’ होतें. तो शब्द खोटा आहे हें कळत होतें. खरा शब्द कोणता तें मला येत नव्हतें.” त्याला दोनच शब्द पक्के ठाऊक होते, ‘ऑल्वेज’ म्हणजे नेहमीं आणि ‘समटाइम्स’ म्हणजे कधीं कधीं. ते दोन्ही मींच शिकविले होते, आणि त्यांच्या मधला एकहि शब्द मीं शिकविला नव्हता.

त्या दिवसापासून माझें मत झालें तें असें. हीं क्रियाविशेषणें म्हणजे व्याकरणांतील रिकाम्या जागा भरण्याचीं साधनें नव्हेत. तीं साक्षीचीं वजनें आहेत. दुसऱ्याच्या वर्तनाविषयीं आपण जेव्हां कांहीं सांगतों, तेव्हां त्या सांगण्याचा खरेपणा पुष्कळदां या एका शब्दावर अवलंबून असतो. म्हणून तीं शिकवितांना आणि शिकतांना केवळ ‘अर्थ काय’ एवढें पाहून भागत नाहीं. ‘हा शब्द वापरण्याचा अधिकार मला कोणत्या पुराव्यानें मिळतो’ हेंहि पाहिलें पाहिजे.

आपल्याकडे हे शब्द शिकविण्याची एक रूढ रीत आहे. फळ्यावर एक शिडी काढावयाची. वरच्या पायरीवर ‘ऑल्वेज’, त्यापुढें शंभर टक्के. सर्वांत खालीं ‘नेव्हर’, त्यापुढें शून्य. आणि मधल्या पायऱ्यांवर ऐंशीं, साठ, चाळीस असे आंकडे घालून उरलेले शब्द बसवावयाचे. ही शिडी अगदींच निरुपयोगी आहे, असें मी म्हणत नाहीं. नवशिक्यास दिशा दाखविण्यापुरती ती ठीक आहे. परंतु तिच्यावरून विद्यार्थ्याची अशी समजूत होते कीं, प्रत्येक शब्दाला एक ठराविक आंकडा चिकटलेला आहे, आणि शब्दाशब्दांतील भेद तेवढाच. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

पहिलीविषयीं प्रथम पाहूं. सिंप्सन नांवाच्या अमेरिकन संशोधकानें 1944 सालीं विद्यार्थ्यांस विचारलें कीं, अमुक शब्द ऐकला म्हणजे शंभरांतून किती वेळां असें तुम्हांस वाटतें? मिळालेल्या उत्तरांचा मध्य काढला तेव्हां ‘युजुअली’ला 85, ‘ऑफन’ला 78, ‘समटाइम्स’ला 20, ‘सेल्डम’ला 10 आणि ‘रेअरली’ला 5 असे आंकडे आले. पुढें 1968 मध्यें हेकेल या संशोधकानें तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हां मध्य जवळजवळ तेच आले. परंतु माणसामाणसांच्या उत्तरांत मोठें अंतर असल्याचें त्यानें दाखवून दिलें. एकच शब्द एकाला अर्ध्याच्या आसपास वाटतो, तर दुसऱ्याला तो बहुतेक सगळ्याच वेळांचा वाटतो. ज्यांची ती भाषा, त्यांच्यांतच जर इतका फरक, तर आपण फळ्यावर ठोकळेबाज आंकडे लिहून विद्यार्थ्यांस निश्चिंत करणें कितपत योग्य आहे?

आणखी असें कीं, आंकडा बोलण्याच्या विषयाप्रमाणेंहि बदलतो. सातपुड्याच्या पायथ्याशीं असलेल्या एखाद्या गांवांत बिबट्या ‘ऑफन’ येतो असें म्हटलें, तर वर्षांतून चार-पांच वेळां आला तरी तो शब्द शोभतो. पण एखादा मुलगा शाळेंत ‘ऑफन’ येतो असें म्हटलें आणि तो वर्षांतून चार-पांच वेळां आला, तर तें वाक्य हास्यास्पद होईल. या शब्दाचें माप ज्या गोष्टीविषयीं आपण बोलतों तिच्या स्वाभाविक प्रमाणावरून ठरतें. अशा शब्दांना कायमचे आंकडे लावतां येत नाहींत तें यामुळेंच.

आतां दुसरी समजूत. भेद केवळ संख्येचा आहे काय? माझ्या मतें नाहीं. बोलणारा कोणत्या बाजूनें पाहतो आहे, याचाहि तो भेद आहे, आणि शब्दांचीं मुळें पाहिलीं म्हणजे तो चांगला ध्यानांत येतो. ‘युजुअली’ हा शब्द वापर किंवा वहिवाट या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघाला आहे; त्यांत रिवाज आहे. ‘फ्रीक्वेंट’ याचें लॅटिन मूळ गर्दी, दाटी या अर्थाचें; त्यांत एकामागून एक लगट करून येणाऱ्या प्रसंगांचें चित्र आहे. ‘रेअर’ याचें मूळ पातळ, विरळ या अर्थाचें, म्हणजे आपल्या ‘विरळा’ या शब्दाचें तें जणूं सख्खें भावंडच. शेतांतील रोपें दाट झालीं म्हणजे विरळणी करावी लागते, हें ज्या मुलानें पाहिलें आहे, त्याला ‘फ्रीक्वेंटली’ आणि ‘रेअरली’ यांतील भेद समजावून देण्यास दुसरें उदाहरण लागणार नाहीं.

या दृष्टीनें पाहिलें म्हणजे जे शब्द आपण एकाच मराठी शब्दानें उरकतों, ते निराळे दिसूं लागतात. ‘युजुअली’ म्हणजे वहिवाट अशी, आणि जें निराळें घडलें तो अपवाद. ‘ऑफन’ म्हणजे पुष्कळ वेळां. पण अर्ध्याहून अधिक वेळां असा दावा त्यांत असतोच असें नाहीं. माझ्या त्या विद्यार्थ्याविषयीं ‘ऑफन’ हा शब्द कदाचित् चालला असता, कारण नवांत चार ही शाळेच्या दृष्टीनें कमी संख्या नव्हे; पण ‘युजुअली’ हा शब्द खोटाच ठरला असता, कारण शाळेंत येणें ही त्याची वहिवाट होती आणि न येणें हा अपवाद. ‘जनरली’ हा शब्द पुष्कळदां अनेक माणसांकडे किंवा अनेक उदाहरणांकडे एकत्र पाहून काढलेला सामान्य नियम सांगतो. एका माणसाच्या संवयीपेक्षां समूहाविषयीं बोलतांना तो अधिक शोभतो. ‘फ्रीक्वेंटली’ हा ‘ऑफन’हून अधिक लेखी वळणाचा असून थोड्या थोड्या अंतरानें पुन्हा पुन्हा घडण्यावर त्याचा भर असतो.

खालच्या पायऱ्यांवरहि तसेंच. ‘समटाइम्स’ एवढेंच सांगतो कीं, असें कधीं घडतें, कधीं घडत नाहीं. ‘ऑकेजनली’ यांत प्रसंग पडेल तेव्हां, अधूनमधून, ही छटा येते. ‘सेल्डम’ आणि ‘रेअरली’ हे अर्थानें शेजारी. त्यांतील ‘सेल्डम’ हा आतां बोलण्यांत कमी आणि पुस्तकांत अधिक आढळतो. ‘हार्डली एव्हर’ म्हणजे जवळजवळ कधींच नाहीं. येथें विद्यार्थ्यांनीं सावध असावें, कारण ‘हार्डली’ याचा ‘हार्ड’ म्हणजे कष्टानें या अर्थाशीं संबंध लावून ‘तो हार्डली अभ्यास करतो’ अशा थाटाचें वाक्य स्तुति म्हणून लिहिणारे विद्यार्थी मीं पाहिले आहेत. त्याचा अर्थ, तो अभ्यास करीतच नाहीं म्हणा ना, असा होतो! तसेंच ‘समटाइम्स’ यांतील शेवटचा ‘स’ गळाला कीं शब्दच निराळा होतो. ‘समटाइम’ म्हणजे कधीं कधीं नव्हे. पुढें मागें केव्हां तरी एकदां, असा त्याचा अर्थ आहे.

‘ऑल्वेज’ या शब्दाचें एक वैशिष्ट्य येथेंच सांगितलें पाहिजे. ‘ही ऑल्वेज कम्स लेट’ म्हणजे तो प्रत्येक वेळीं उशिरां येतो. हें विधान आहे, आणि हजेरीपट उघडून तें तपासतां येतें. ‘ही इज ऑल्वेज कमिंग लेट’ म्हणजे मेला नेहमीं उशीर करतो. हा त्रागा आहे, आणि त्राग्यांत अतिशयोक्ति गृहीतच असते. भुसावळ ते खंडवा या मार्गावरील रावेर स्थानकावर गाडीची वाट पाहणारा प्रवासी “ही गाडी नेहमींच उशिरां” असें म्हणतो, तेव्हां त्याला कोणी वेळापत्रक काढून खोटें पाडीत नाहीं. बोलण्यांत असा त्रागा क्षम्य आहे. परंतु प्रगतिपुस्तक, दाखला, तक्रारअर्ज, साक्ष हीं त्राग्याचीं ठिकाणें नव्हेत. मीं त्रागा करून तो विधानाच्या जागीं लिहिला, हाच माझा दोष होता.

नकार आला म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांची अडचण दुणावते, आणि तिचें कारण मराठींतच आहे. “मी नेहमीं जात नाहीं” हें वाक्य घ्या. याचा अर्थ, मी कधींच जात नाहीं, असाहि होतो; आणि जातों, पण प्रत्येक वेळीं नाहीं, असाहि होतो. बोलतांना आपण आवाजाच्या हेलकाव्यानें तो भेद दाखवितों. लिहितांना आवाज नसतो. इंग्रजींत या दोन अर्थांची दोन निराळीं वाक्यें होतात: पहिल्यासाठीं ‘आय नेव्हर गो’, दुसऱ्यासाठीं ‘आय डू नॉट ऑल्वेज गो’. ‘ऑफन’च्या बाबतींत तर केवळ जागा बदलल्यानें अर्थ फिरतो. ‘आय डू नॉट ऑफन गो’ म्हणजे माझें जाणें फारसें होत नाहीं. ‘आय ऑफन डू नॉट गो’ म्हणजे माझें न जाणें पुष्कळदां घडतें. उलटपक्षीं, मराठींत ‘कधींच’ या शब्दाला ‘नाहीं’ची सोबत लागते, इंग्रजींत ‘नेव्हर’ स्वतःच्या पोटांत नकार घेऊन येतो. तेथें आपल्या संवयीनें दुसरा नकार जोडला, तर ‘मी कधींच खोटें बोलत नाहीं’ असें सांगूं पाहणारा विद्यार्थी, ‘मी खोटें बोललों नाहीं असें कधींच होत नाहीं’, अशी कबुली देऊन बसतो.

यावरून कोणी असा अर्थ काढूं नये कीं, इंग्रजी ही काटेकोर आणि मराठी ही ढिली भाषा आहे. नित्य, सदैव, नेहमीं, हटकून, बहुतकरून, पुष्कळदां, वारंवार, वरचेवर, मधून मधून, अधूनमधून, कधीं कधीं, क्वचित्, विरळा, सहसा नाहीं, कधींच नाहीं, ही आपली संपत्ति कोणत्याहि भाषेला हेवा वाटावा अशी आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्यें प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या 1857 च्या दुसऱ्या आवृत्तींत सुमारें 60,000 शब्द होते. मोल्सवर्थ यांनीं आरंभिलेला आणि कँडी यांनीं पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश 1847 चा. परक्या मुलखांतून आलेल्या या माणसांनीं आपल्या शब्दांचे बारकावे टिपण्यासाठीं वर्षांनुवर्षें खर्चिलीं. आणि आपण मात्र ‘ऑफन’ म्हणजे नेहमीं, ‘युजुअली’ म्हणजे नेहमीं, ‘फ्रीक्वेंटली’ म्हणजेहि नेहमींच, असें वहींत लिहून मोकळे होतों! दोष भाषेचा नाहीं. आपल्या आळसाचा आहे.

मराठीच्या शब्दांतहि विचार करण्यासारखें पुष्कळ आहे. ‘बहुधा’ हा शब्द पहा. संस्कृतांत त्याचा मूळ अर्थ अनेक प्रकारांनीं असा आहे. “तो बहुधा सकाळीं येतो” या वाक्यांत तो वहिवाट सांगतो. पण “तो बहुधा उद्यां येईल” या वाक्यांत तोच शब्द अंदाज सांगतो. पहिल्या ठिकाणीं इंग्रजींत ‘युजुअली’ आणि दुसऱ्या ठिकाणीं ‘प्रॉबेब्ली’ लिहावें लागतें. ‘कदाचित्’ हाहि मूळचा केव्हां तरी या अर्थाचा. मराठींत तो शक्यता दाखवूं लागला. मागें जें पुष्कळदां घडलें तें पुढेंहि घडेल, अशी अपेक्षा मन सहजच धरतें, आणि भाषा मनाच्या मागोमाग जाते. अशा अपेक्षेच्या शब्दांतहि मोघमपणा राहूं नये, म्हणून जगांतील हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळानें आपल्या अहवालांसाठीं शब्दांचीं मापें ठरवून घेतलीं आहेत. तेथें ‘लाइकली’ म्हणजे शंभरांत निदान 66, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे निदान 90, आणि ‘व्हर्च्युअली सर्टन’ म्हणजे निदान 99.

औषधांच्या बाबतींत तर असा करार जीवनमरणाचा आहे. युरोपांत औषधाच्या माहितीपत्रकांत एखादा दुष्परिणाम ‘कॉमन’ म्हणून लिहिला असेल, तर त्याचा अर्थ तें औषध घेणाऱ्या 100 पैकीं निदान एकाला, पण 10 पैकीं एकापेक्षां कमी लोकांना तो होतो, असा ठरलेला आहे. ‘अनकॉमन’ म्हणजे 1,000 पैकीं निदान एकाला, पण 100 पैकीं एकापेक्षां कमी. ‘रेअर’ म्हणजे 10,000 पैकीं निदान एकाला, पण 1,000 पैकीं एकापेक्षां कमी. आतां ज्यानें ‘कॉमन’ म्हणजे सर्रास असा एकच अर्थ पाठ केला आहे, तो हें पत्रक वाचून घाबरेल आणि कदाचित् आवश्यक औषध बंद करील. घरांत इंग्रजी वाचणारा एकटा मुलगाच असेल, आणि आजीच्या औषधाचा कागद त्याच्या हातांत दिला जात असेल, तर त्याला या शब्दांचें वजन ठाऊक असणें ही केवळ गुणांची बाब राहत नाहीं.

कोणी म्हणेल, “आमच्या मुलांना केळीच्या बागा पाहावयाच्या आहेत, दुकानें चालवावयाचीं आहेत, त्यांना इतका काथ्याकूट कशाला?” माझें उत्तर असें कीं, या भागांतील शेतकरी हा काथ्याकूट रोजच करतो. हिंवाळ्यांत कडाक्याची थंडी पडून केळीला चरका बसतो. उन्हाळ्याच्या अखेरीस वादळी वारा उभी बाग आडवी करतो. हीं संकटें दररोज येत नाहींत. पण ‘क्वचित् येतात’ म्हणून कोणी शहाणा शेतकरी त्यांच्याकडे दुर्लक्ष करीत नाहीं. किती वेळां घडतें आणि घडलें तर किती नुकसान होतें, हे दोन प्रश्न निराळे आहेत, हें त्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यांत केळीचा समावेश आहे, आणि तेथें “यंदां थंडी पुष्कळदां पडली” एवढें सांगून पैसे मिळत नाहींत. पारा किती खालीं उतरला आणि किती दिवस, हें मोजलें जातें. जो बाप शेतांत इतका हिशेबी, त्याच्या मुलानें भाषेंत बेहिशेबी कां असावें?

तेव्हां विद्यार्थ्यांस माझें सांगणें एवढेंच आहे. यांपैकीं कोणतेंहि क्रियाविशेषण लिहिण्यापूर्वीं मनाशीं तीन प्रश्न विचारा. किती वेळांपैकीं किती वेळां? तें दाट घडलें कीं विरळ? मी वहिवाट सांगतों आहें, कीं नुसती संख्या? या प्रश्नांचीं उत्तरें जवळ असलीं म्हणजे योग्य शब्द आपोआप सुचतो. आणि उत्तर ठाऊक असतांनाहि शब्द सुचला नाहीं, तर सरळ आंकडा लिहा. नऊपैकीं चार, हें कोणत्याहि भाषेंत खरें इंग्रजी आणि खरें मराठी आहे. शिक्षकबंधूंस विनंति अशी कीं, शिडी फळ्यावर अवश्य काढावी. पण तिच्यावर आंकडे घालण्यापूर्वीं हजेरीपट, पावसाची नोंद, सामन्यांतील धांवा अशीं खरीं टिपणें मुलांपुढें ठेवावीं, आणि कोणता शब्द येथें खरा ठरतो हें त्यांनाच ठरवूं द्यावें. मुलें वाद घालतील. तो वाद म्हणजेच अभ्यास.

शेवटीं पालकांशीं दोन शब्द. “तूं नेहमीं असाच वागतोस”, “तूं कधींच ऐकत नाहींस”, हीं वाक्यें आपल्या घरांत किती सहज बोललीं जातात! रागाच्या भरांत त्यांतला ‘नेहमीं’ हा त्रागा असतो, हें आपल्याला ठाऊक असतें. पण लहान मुलाला तें ठाऊक नसतें. तें त्याला विधान म्हणून ऐकतें, आणि ज्या पांच वेळां तें नीट वागलें, त्या पांच वेळांचा पट कोणी उघडला नाहीं, एवढेंच त्याच्या ध्यानांत राहतें.

माझ्या त्या विद्यार्थ्यानें पुढें शाळा पुरी केली. आतां तो स्वतः बाप झाला आहे, आणि मधून मधून रस्त्यांत भेटतो. मागें भेटला तेव्हां मीं सहज विचारलें, “मुलगा शाळेंत नियमित जातो ना?” त्यानें क्षणभर मनांत हिशेब केला आणि हंसून म्हणाला, “युजुअली, सर.” एवढा समर्पक शब्द मला त्या तिमाहींत सुचला असता, तर एका मुलाचा मार वांचला असता.